घडीचा ॲल्युमिनियम वॉकर: वस्तू चांगली, पण उंची लावून घ्या

गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर सर्जिकलच्या दुकानातून हमखास घरी येतो तो बिनचाकांचा, घडीचा ॲल्युमिनियम वॉकर. किंमत साधारण हजार-दीड हजाराच्या घरात, वजन अडीच-तीन किलो. एवढ्या पैशांत याहून भरवशाचा आधार मिळत नाही. पाचापैकी चार गुण नक्की. एक कापला तो विक्रीच्या पद्धतीसाठी: बऱ्याच ठिकाणी खोक्यातून काढून, उंची न लावताच तो हातात ठेवतात.

उंची अशी लावायची. रुग्ण घरात ज्या चपला घालणार त्याच घालून त्याला सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटाची आतली घडी येते त्या पातळीला वॉकरची मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं, वीस-तीस अंश. चारही पायांना स्प्रिंगचं बटण असतं. ते दाबून नळी सरकवायची आणि बटण छिद्रातून टक्कन पूर्ण बाहेर आलं ना, हे बोटाने चाचपून बघायचं. अर्धवट अडकलेलं बटण भार पडताच सुटतं. चारही पायांची छिद्रं मोजून सारखी ठेवा.

मूठ उंच राहिली की खांदे कानाला लागतात आणि हातांवर भार घेताच येत नाही. खाली राहिली तर जास्त वाईट: माणूस कमरेत वाकून चालतो, त्याबरोबर गुडघाही वाकलेलाच राहतो. नवा गुडघा वाकतो किती, याची चौकशी सगळे करतात. तो पूर्ण सरळ होतो का, हे कुणी विचारत नाही. (गुडघ्याखाली उशी ठेवून झोपवणारे प्रेमळ नातेवाईक हेच नुकसान रात्रभर करतात.)

चालताना क्रम एकच. वॉकर वीत-दीड वीत पुढे, चारही पाय टेकले की ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पाऊल पुढच्या आडव्या दांडीला भिडेल इतकं आत नेऊ नका, तोल मागे जातो. खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही, तो अंगावर येतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून उठा, उभं राहिल्यावरच मुठी धरा. म्हणून बसायला हातांची, उंच बैठकीची खुर्ची हवी. बुडणारा सोफा नको. जिन्यावर हा वॉकर वापरायचाच नाही.

पुढे दोन चाकं असलेला प्रकार सपाट फरशीवर छान चालतो, पावलं अडखळत नाहीत. पण घरात उंबरठे असतील, मोरी ओली राहत असेल, तर बिनचाकांचाच बरा. एकेक बाजू आळीपाळीने सरकणारा वॉकरही दुकानदार पुढे करतात. तो साध्याइतका स्थिर नसतो, सुरुवातीच्या दिवसांत टाळावा. आमवाताने बोटं-मनगटं धरली असतील तर साधा वॉकर दर पावलाला उचलणं हीच शिक्षा होते. अशांना चाकांचा, किंवा कोपरापासून पुढचा हात टेकवता येतो असा वॉकर फिजिओथेरपिस्टला विचारून घ्यावा.

खरेदीआधी संडास-बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा, चौकटीच्या आतून. वॉकरचे मागचे पाय सर्वांत फाकलेले असतात, माप तिथलं घ्या. नाहीतर सरळ आत जाणारच नाही, आणि आडवा करून घुसवताना ओल्या फरशीवर पाय घसरतो.

सगळ्यात आधी झिजतात ती पायांची रबरं. तळाची नक्षी गुळगुळीत झाली किंवा रबर फाटून आतली नळी फरशीला लागू लागली की लगेच बदला. चारही एकदम बदला, नाहीतर वॉकर डुगडुगतो. नवी घेताना नळीचा बाहेरचा व्यास मोजून न्या. सैल रबर चालता चालता गळून पडतं.

वॉकर बहुतेकांना काही आठवडेच लागतो, मग काठी, तीही ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात. तेवढ्यासाठी विकत घ्यायचा नसेल तर अनेक गावांत संस्थांची रुग्णसाहित्य केंद्रं अनामत घेऊन वॉकर देतात. तिथून आणलेल्याची रबरं, बटणं आणि घडीची कुलपं घरी नेण्याआधी तिथेच तपासा.