‘सध्या वाचतेय’ : आठ महिने वापरल्यावर

गेल्या 15 ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पुस्तकं हातात धरून फोटो काढले आणि पाच मिनिटांत ती परत कपाटात गेली. त्याच संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, त्या आनंदात मी पुस्तकांची नोंद ठेवणारं एक ॲप घेतलं. नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि भाची म्हणते की ही सगळी ॲपं एकाच माळेचे मणी.

काम साधं आहे. पुस्तक ‘सध्या वाचतेय’मध्ये टाकायचं, कितव्या पानावर आहोत ते लिहायचं, ते आपल्या माणसांना दिसतं. आमची माणसं सहा : मी, बंगळूरुची भाची, सांगलीची मावशी, तिच्या शेजारच्या काकू, कॉलेजची एक मैत्रीण आणि नवरा. नवरा आठ महिने पान 40 वर आहे.

पहिला महिना नुसता पुस्तकं शोधण्यात गेला. मागच्या बाजूचा बारकोड स्कॅन करा, असं ॲप सांगतं. नव्या पुस्तकांना 978-81 किंवा 978-93 ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, असतो, ती लगेच सापडतात. पण मावशी वाचते ती वाचनालयातली, पुठ्ठ्याच्या बांधणीची. पाठीवर दाखल अंकाची चिठ्ठी, आत तारखांचे शिक्के. स्कॅन कशाचं करायचं? मग नाव टाइप करून शोधायचं. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ मी आधी ‘युगांत’ असं टाइप केलं, तर काहीच नाही. ‘न्त’ लिहिल्यावर एक नोंद आली, रोमन लिपीत तिसरीच. ती निघाली इंग्रजी आवृत्ती, तीही कर्व्यांचीच. मी घाईत तीच टाकली आणि भाचीचा मेसेज आला, ‘मावशी, तू इंग्लिशमध्ये कधीपासून वाचायला लागलीस?’ नावात ‘ॲ’ किंवा ‘ऱ्य’ असेल तर आणखी मजा. ही अक्षरं दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतात, डोळ्यांना सारखीच दिसतात, ॲपला मात्र ती वेगळी वाटतात. पुस्तक असूनही ‘सापडले नाही’. हे माहीत नसल्यामुळे मी चार पुस्तकांच्या नव्या नोंदी केल्या, म्हणजे घोळ मीही वाढवलाच.

जानेवारीत ॲपने विचारलं, वर्षात किती पुस्तकं वाचणार? मी 24 लिहून मोकळी झाले. मार्चअखेर निरोप आला : ‘तुम्ही 3 पुस्तकं मागे आहात.’ खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी दुकानात पुस्तकांची जाडी बघत होते. तीन बारीक पुस्तकं आणली, वाचली, आणि आज त्यांतल्या दोनांबद्दल मला चार वाक्यंही सांगता येणार नाहीत. एप्रिलमध्ये ते लक्ष्य काढून टाकलं. तुम्ही घेतलंत तर पहिल्याच दिवशी काढा.

उलट प्रकारही झाला. एक जाडजूड चरित्र ‘सध्या वाचतेय’मध्ये पाच महिने पान 112 वर होतं. मी ते वाचत नव्हते, ते लोकांना दिसत होतं एवढंच. वाचायचंय, वाचतेय, वाचलं असे तीनच कप्पे ॲप देतं. अर्धवट सोडलेल्यांचं काय करायचं ते सांगत नाही. मी ‘राहू दे’ नावाचा चौथा कप्पा केला. आठवड्यात सगळ्यांनी केला. मावशीच्या ‘राहू दे’मध्ये सध्या अकरा आहेत, त्यांतली तीन मी भेट दिलेली.

आता जमलं ते. ‘43 टक्के झालं’ या आकड्यावर कोणी काय बोलणार? पण पानाच्या आकड्याखाली एक ओळ लिहायची सोय आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. पुस्तक संपल्यावर आपलं मत पक्कं झालेलं असतं, ‘छान आहे, वाच’ एवढंच बाहेर पडतं. अर्ध्यावर असताना माणूस चिडलेला असतो, अडलेला असतो. ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या एकेका व्यक्तीवर एकेक लेख, त्यामुळे मी आणि मावशी बरोबरीने वाचत गेलो. गांधारीच्या लेखात कर्वेबाई लेख सोडून चक्क गोष्ट सांगायला लागतात, वनातली, शेवटची. मी लिहिलं, ‘हे मधेच काय?’ मावशीने रात्री साडेअकराला लिहिलं, ‘आधी पूर्ण वाच, मग भांड.’ दोन दिवसांनी भांडलो. एरवी आमचं फोनवर बोलणं म्हणजे गुडघे आणि पाऊस.

काकूंचा मात्र धाक आहे. रहस्यकथेच्या पान 90 वर त्यांनी खुनी कोण ते सांगून टाकलं. वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीने ‘डॉक्टरवर लक्ष ठेवा’ असं लिहिणारे वाचक असायचे, त्या घराण्यातल्या काकू. तपशील झाकायची सोय ॲपमध्ये आहे, ती त्यांना दोनदा दाखवली. दाबत नाहीत.

पैसे भरायची आवृत्ती घेतली नाही. तिच्यात आलेख मिळतात. मी कोणत्या वारी किती पानं वाचली हे कळून मला काय करायचंय? मोठ्या गप्पा हल्ली व्हॉट्सॲपवरच होतात, ॲप उरलंय नोंदवहीसारखं. ज्याचे दोन-तीन तरी वाचणारे नातेवाईक दूर राहतात, त्याने घ्यावं. एकट्याने वापरायचं असेल तर दोनशे पानी वही बरी.

मावशीच्या एका जुन्या प्रवासवर्णनाला ॲपमध्ये मुखपृष्ठच नव्हतं. तिने वाचनालयाच्या तपकिरी पुठ्ठ्याचा फोटो काढून चढवला, दाखल अंकाच्या चिठ्ठीसकट. आता जगात कोणीही ते पुस्तक शोधलं की मावशीच्या वाचनालयाची चिठ्ठी दिसते. गेल्या आठवड्यात तिच्याखाली कुणा अनोळखी माणसाने ‘सध्या वाचतोय, पान 17’ असं टाकलंय. मावशी रोज उघडून बघते, पुढे गेला का.