हेवीचे पैसे घेतले आणि ४०७ वर शिकवलं

जे कोणी हेवी, म्हणजे ट्रक-टिपरसारख्या मोठ्या गाड्यांचं लायसन काढायच्या मागे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, मी १४ हजाराला गंडलोय.

मी चार वर्षं पिकअप चालवतो, भाड्याची. टिपरला पगार बरा म्हणून हेवी काढायचं ठरवलं. आमच्याकडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलचा मालक म्हणाला, दादा टेन्शन घेऊ नका, महिन्यात लायसन हातात. पावती मात्र पाच हजाराचीच दिली, बाकीचे म्हणे "वरचा खर्च". तिथंच उठायला पाहिजे होतं, पण गरज आपली असली की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

पहिल्या दिवशी गेलो तर टाटा ४०७ उभी, छोटा ट्रक. मोठी गाडी कुठंय विचारलं तर म्हणे कामाला गेलीय, गिअर सगळे सारखेच असतात, हात बसला की झालं. नंतर डोक्यात प्रकाश पडला, साडेसात टनापर्यंतची गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालते, सुप्रीम कोर्टानं पण नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच सांगितलंय. म्हणजे जी गाडी मी आधीच चालवू शकत होतो ती शिकायचे मी पैसे दिले! आणि ती पण रोज वीस मिनिटं, एका गाडीत चार पोरं. अकराव्या दिवसानंतर गाडी "गॅरेजला".

दुसऱ्याच दिवशी त्यानं एक रजिस्टर पुढं करून सह्या घेतल्या होत्या, रकाने सगळे कोरे. आरटीओचं असतं म्हणाला, केल्या. ते फॉर्म १५ चं रजिस्टर होतं, कुठल्या दिवशी किती वेळ गाडी चालवली ते त्यात लिहितात. नियमानं हेवीला ३० दिवस ट्रेनिंग आणि कमीत कमी १५ तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग लागतं, त्यावरच फॉर्म ५ चं सर्टिफिकेट मिळतं. मला मिळालं, एकदम व्यवस्थित, शिक्क्यासकट.

टेस्टला त्यानं कुठून तरी दहा चाकी टिपर आणला, क्रॉलर (पहिल्याच्याही खालचा, एकदम सावकाश चालायचा गिअर) धरून नऊ गिअर. रिकामी गाडी म्हणून दुसऱ्यावर उचलली, तिसरा, चौथा, इथपर्यंत ठीक. चौथ्यातून न्यूट्रलला आणून लिव्हर हळूच उजवीकडं नेऊन वर ढकलला, मला वाटलं पाचवा पडला. पडला तिसरा. इंजिन असं किंचाळलं की शेजारी बसलेल्या साहेबांनी डॅशबोर्डच धरला. नापास. स्कूलवाला बाहेर म्हणतो कसा, दोन हजार द्या, पुढच्या वेळी बघून घेतो. नाही दिले.

मग ओळखीच्या एका टिपरवाल्या काकांच्या पाया पडलो. खडी क्रशरच्या मोकळ्या जागेत सकाळी दीड तास, असे बारा दिवस. त्यांनी सांगितलं चौथा-पाचवा यांच्यामध्ये स्प्रिंगची अडचण असते, तिथं बोटांनी कुरवाळायचं नाही, तळहातानं थाप मारून लिव्हर पलीकडं टाकायचा आणि मगच वर. खाली येताना डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, परत क्लच आणि मग खालचा गिअर, बॉक्स जुना असला तर याशिवाय खर्रखर्र होणारच. मी मीटरकडं बघायचो तर म्हणायचे, "तिकडं काय बघतोस, कान दे". आणि खंबाटकीसारखा उतार असला की वर असतानाच खालचा गिअर टाकून ठेवायचा, भरलेली गाडी न्यूट्रलवर सोडली तर ब्रेक तापून पकडतच नाहीत. एअर ब्रेकचं प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही हे पण मला त्यांच्याकडूनच कळलं, ४०७ मध्ये एअर ब्रेकच नव्हते तर तो तरी काय शिकवणार म्हणा.

दुसऱ्या टेस्टला पास झालो. तुम्ही फी भरायच्या आधी शिकवायच्या गाडीचं आरसी (रजिस्ट्रेशनचं कागद) मागा, त्यात वजन आणि गाडीचा प्रकार लिहिलेला असतो, ब्रेक-क्लच शिकवणाऱ्याच्या बाजूला पण आहेत का बघा, पूर्ण रकमेची पावती घ्या, आणि कोऱ्या रकान्यासमोर सही अजिबात नको.

मी तक्रार केली होती. रजिस्टर मागवलं गेलं, त्यात तीसच्या तीस दिवस माझी सही. एका रविवारी सकाळी ९ ते १० मी ट्रक चालवलाय असं लिहिलंय. त्या सकाळी मी बहिणीच्या हळदीला मांडवाचे बांबू बांधत होतो, फोटो आहेत. अर्जाला ते फोटो जोडून परत दिलाय.