पोरांच्या पगाराला सरकारी हातभार: आमच्या मशीन शॉपचा अनुभव

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग, ड्रिलिंग, बोअरिंग करून पुढं पाठवतो. मशीनकडं नवरा आणि दीर बघतात. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), जीएसटी माझ्याकडं. त्यामुळं ‘सरकार पगाराचे पैसे देतंय म्हणे, बघा की जरा’ असं घरात कुणीही म्हटलं तरी काम माझ्याच टेबलावर येतं. २०२४ पासून अशा तीन योजना वापरून झाल्या. ओळखीतले कारखानदार अधूनमधून फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. या पैशामुळं आम्ही एकही माणूस जास्तीचा घेतलेला नाही. ऑर्डर होती, मशीन होतं, म्हणून पोरं घेतली. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी: जी पोरं एरवी ठेकेदाराच्या नावावर राहिली असती, ती आमच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर आली. हा फरक छोटा नाही, पण जाहिरातीत सांगतात तो हा नव्हे.

सुरुवात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेनं झाली, जिला सगळे ‘लाडका भाऊ’ म्हणायचे. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी; बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० रुपये, तेही सरकारकडून थेट पोरांच्या खात्यात. कारखान्यात किमान २० माणसं हवीत आणि उत्पादन करणाऱ्यांना मनुष्यबळाच्या १० टक्केच प्रशिक्षणार्थी घेता येतात. आमच्या वाट्याला तीन आले. ‘महास्वयं’ पोर्टलवर नोंदणी करायची, महिन्याची हजेरी ऑनलाइन चढवायची, संपलं. कागदाच्या बाजूनं बघितलं तर तिन्हींत सगळ्यात सोपी योजना हीच.

तिघांत एक बारावी सायन्सचं पोरगं होतं. मोबाइलवर बोटं भराभर चालायची, मशीनच्या प्रोग्रॅममधले आकडे वाचायलाही लवकर शिकलं. पण मापाचं गांभीर्य काही केल्या कळेना. आमचे जुने सुपरवायझर, ज्यांना सगळं शॉप मामा म्हणतं, त्यांना विचारायचा, “मामा, वीस मायक्रॉननं काय होतंय हो? डोळ्याला तर दिसत पण नाही.” मामांनी काही न बोलता त्याच्या हातात भोकाचं माप तपासायचा प्लग गेज दिला. गो बाजू भोकात गेली. मग म्हणाले, आता उलटा कर. नो-गो बाजूही अलगद आत गेली. मामा म्हणाले, “ही जायची नसते. हा पीस आता भंगारात. कास्टिंगचे पैसे फाउंड्री आपल्या बिलातून कापणार.” तो पीस त्या पोराला दिवसभर मशीनशेजारी ठेवायला लावला. त्यानंतर प्रत्येक पाचवा पीस तो न सांगता तपासायला लागला.

हे सांगायचं कारण म्हणजे, ‘फुकटात माणूस मिळतो’ असं बाहेर जे बोललं जातं ते खोटं आहे. स्टायपेंड सरकारचा, पण मामांचा वेळ आमचा, मोडलेल्या इन्सर्ट (धातू कापायची पाती) आमच्या आणि रिजेक्शनचा डेबिटही आमचाच. शिवाय कागलच्या पलीकडून येणाऱ्या पोराचं ६,००० मध्ये भागत नाही. पेट्रोल आणि दुपारचं जेवण आम्हीच वरून दिलं. आणि पैसे कधी जमा होणार हे माझ्या हातात नसलं तरी पोरं विचारायला येणार माझ्याकडंच.

योजना आधी सहा महिन्यांची होती, मग मुदत अकरा महिन्यांची झाली. मला ही वाढ तितकीशी पटली नाही. सहा महिन्यांत पोरगं टिकणारं आहे का ते कळतं. त्यानंतर त्याला ‘प्रशिक्षणार्थी’ ठेवणं म्हणजे पूर्ण काम करून घेऊन पीएफ, ईएसआय न देणं. शाळा, ग्रामपंचायती, सरकारी ऑफिसांत लागलेल्या मुलांची तर आणखी पंचाईत झाली. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून राज्यभर आंदोलनं झाली. कारखान्यात निदान पुढं घ्यायची सोय तरी असते. आमच्या तिघांपैकी एक पोलीस भरतीच्या तयारीला गेला, एकाला पुण्याला काम लागलं, तो प्लग गेजवाला राहिला.

दुसरी अप्रेंटिसशिपची योजना, नॅप्स. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ टक्के अप्रेंटिस घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यामुळं ती आवडीची गोष्ट नाही. स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं. बाकीचा आपण द्यायचा. पोर्टलवर करार करायचा, तो पोरानं मान्य करायचा, मग पुढचं. चांगल्या आयटीआयशी ओळख असेल तर ठीक चालते. नसेल तर पोर्टलवर नावं दिसतात आणि फोन लागत नाहीत.

खरा मुद्दा तिसऱ्या योजनेचा. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, जी आधी ईएलआय नावानं चर्चेत होती. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नोकऱ्यांना ती लागू आहे. केंद्रानं ९९,४४६ कोटी रुपये ठेवलेत आणि दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांचं उद्दिष्ट सांगितलंय. हिचे दोन भाग. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या पोराला एका महिन्याचा पगार, कमाल १५,०००, दोन हप्त्यांत: पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनंतर, त्याआधी आर्थिक साक्षरतेचा एक ऑनलाइन कोर्स पुरा करून. दुसरा भाग मालकाला. पीएफ ज्या पगारावर कापतात तो १०,००० पर्यंत असेल तर त्या प्रमाणात १,००० पर्यंत, १०,००१ ते २०,००० असेल तर २,०००, त्याच्या वर एक लाखापर्यंत ३,०००. दर महिन्याला, दर जादा माणसामागं, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला तिसरं आणि चौथं वर्षही मिळतं. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर आधीच्या संख्येवर किमान दोन जादा हवेत, ५० किंवा जास्त असतील तर पाच. आणि ती माणसं सहा महिने टिकली पाहिजेत.

आता हिशोब मांडते. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००, एकूण १७,००० पगाराचं पोरगं. आमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, वर विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून एक टक्का, १५०. झाले १,९५०. सरकार देणार २,०००. म्हणजे सरकार आमचा पीएफ भरतंय आणि वर पन्नास रुपये चहाला. ईएसआयचे साडेपाचशे, बोनस, रजा, सेफ्टी शूज, सगळं आमचंच. त्यामुळं ‘पगाराला अनुदान’ असं जे म्हणतात त्यानं दिपून जाऊ नका. पण उत्पादनातल्या कारखान्याला चार वर्षं पीएफचा बोजा नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याला बरीच मोठी आहे. तुकड्यामागं पैशांत भाव ठरतो तिथं १,९५० रुपये दिसतात.

आकडे मांडल्यावर एक पळवाटही लगेच दिसते. बेसिक १०,५०० ठेवा, बाकीचं भत्त्यात टाका. पीएफ १,३६५ जातो, अनुदान २,०००, खाली ६३५ उरतात. आमच्या सल्लागारानं हे मला पहिल्याच बैठकीत सुचवलं. किमान वेतनाचं काय, विचारल्यावर गप्प बसला. मी १५,००० वरच ठेवलं. ज्या पोराला शिकवायला वर्ष घालवायचं, त्याच्या पीएफमध्ये कात्री मारून महिना सहाशे वाचवण्यात मला रस नाही. दिराला अजून वाटतं की वाचवायला हवे होते.

पोरांची बाजू वेगळी. त्यांना पीएफ नको असतो, सरळ सांगतात. “वहिनी, पीएफ कापू नका, हातात द्या.” १७,००० मधून १,८०० पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की हातात १४,८०० च्या आसपास राहतात. शेजारच्या गाळ्यात ठेकेदार १६,००० रोख देत असेल तर पोरगं तिकडं बघणारच. इथं ते १५,००० कामी आले. सहा महिने थांबलास तर पहिला हप्ता, वर्ष काढलंस तर दुसरा, असं सांगता येतं. दोघं तरी तेवढ्यासाठी दिवाळीनंतर परत आले, असं मला वाटतं. आमच्याकडं दिवाळीनंतर माणूस परत येणं हीच मोठी परीक्षा असते. कुणाचा ऊस तुटायला आलेला असतो, कुणी अग्निवीरसाठी पहाटे पळायला लागतो.

नोंदणीची कटकट मात्र पुरेशी आहे. नवीन यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. आमच्या शॉपच्या आत उजेड पिवळा, पोराचा फोन स्वस्तातला, कॅमेऱ्यावर तेलकट बोटांचे ठसे. ॲप म्हणतं डोळे मिचकावा. हा मिचकावतो, तर ते म्हणतं चेहरा स्थिर ठेवा. शेवटी गेटबाहेर उन्हात उभं करून, मामांच्या फोनवर, मागं पांढरी भिंत धरून काम झालं. तेव्हापासून नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी मशीनकडं न्यायच्या आधी गेटवरच यूएएन काढते. आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर आधी आधार दुरुस्त करायला पाठवते. तेवढ्यासाठी दोन दिवस बिनपगारी जातात आणि पोराची कुरकुर ऐकावी लागते.

दुसरी अडचण आधी लक्षात येत नाही. पोरगं शपथेवर सांगतं की ही पहिलीच नोकरी. यूएएन काढायला घेतला की कळतं, पूर्वी कुठल्याशा ठेकेदारानं दोन महिन्यांसाठी त्याच्या नावावर यूएएन काढलेला आहे. झालं, पहिल्यांदा नोकरी करणाऱ्याचे १५,००० गेले. मालकाचा भाग तरीही मिळू शकतो, कारण तो जादा माणसावर आहे, पहिल्या नोकरीवर नाही. पण पोराला हे समजावताना जीव जातो. याउलट युवा कार्य प्रशिक्षण किंवा अप्रेंटिस म्हणून राहिलेल्या पोराचा त्या काळात पीएफ नसतो, त्यामुळं नंतर मस्टरवर घेतला की तो पहिल्यांदाच आलेला धरला जातो. आमचा प्लग गेजवाला असाच बसला. या योजना एकमेकींना जोडून वापरायच्या असतात, हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच्या खात्यात पहिला हप्ता आला. त्याच्याबरोबरच्याचा ‘आला नाही, आला नाही’ असं महिनाभर चाललं होतं. शोधल्यावर कळलं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात आणि त्याचं आधार जोडलेलं होतं गावाकडच्या जुन्या खात्याला, ज्याचं पासबुक आईच्या ट्रंकेत. पगाराचं खातं आणि आधारचं खातं एकच आहे का, हे रुजू करतानाच बघा. मालकाचा भाग पॅनला जोडलेल्या खात्यात येतो. भागीदारी असेल तर फर्मचं पॅन, घरच्या माणसाचं नव्हे.

आता ठेकेदाराकडं येते. अनुदान ज्याच्या पीएफ कोडवर माणूस आहे त्याला मिळतं. म्हणजे ठेकेदारामार्फत घेतलेल्या पोराचे २,००० ठेकेदाराला. हे त्यालाही आमच्याइतक्याच लवकर कळलं. एका संध्याकाळी ऑफिसात येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, “वहिनी, पोरं माझ्याच नावावर राहू द्यात. जे येईल त्यातलं निम्मं तुम्हाला.” नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी विचारलं, ईएसआयचं कार्ड किती जणांना दिलंय? तो हसला आणि विषय लोडिंगच्या दरावर नेला. पुढच्या महिन्यात मशीनवरची पोरं आमच्या मस्टरवर घेतली. लोडिंगची माणसं अजून त्याच्याकडंच आहेत, ते खोटं बोलणार नाही.

सरकारच्या कागदावर हे सगळे नवीन रोजगार आहेत. आमच्या शॉपमध्ये मशीन तीच, शिफ्ट तीच, बरीचशी पोरंही तीच. साडेतीन कोटींच्या आकड्यात अशी किती जण असतील, हा विचार माझ्या मनात येतो. तरीपण त्या पोरांच्या बाजूनं बघितलं तर ईएसआयचं कार्ड आणि पीएफ खात्यात साठणारी रक्कम या काही कागदी गोष्टी नाहीत. एकाच्या बायकोचं बाळंतपण त्याच कार्डावर झालं.

ज्यांच्याकडं ऑर्डर पक्की आहे, माणसं टिकतात आणि पीएफ आधीपासून नीट भरला जातो, त्यांनी ही योजना जरूर घ्यावी. वेगळं फारसं काही करावं लागत नाही, महिन्याचा ईसीआर (पीएफचं विवरणपत्र) १५ तारखेच्या आत गेला पाहिजे एवढंच. हंगामी काम असेल तर नादाला लागू नका. माणसं कमी झाली आणि मूळ संख्येच्या वरचे दोन राहिले नाहीत की हिशोब बिघडतो, आणि पगार तर दर महिन्याला द्यायचाच असतो.

दीर आता आणखी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचं म्हणतोय. कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट करताना हे अनुदान चार वर्षांचं उत्पन्न म्हणून दाखवायचं, असं कुणीतरी सुचवलं होतं. मी ती ओळ काढून रिपोर्ट परत दिला.