ग्लू रिमूव्हर स्प्रे, काही महिने वापरल्यावर: आतला माल चोख, नोझल भिकार

गाडीच्या दाराची साइड बीडिंग, म्हणजे बाहेरून चिकटवलेली आडवी पट्टी, एका टोकाने सुटली होती. शोरूमनेच लावलेली, म्हणून त्यांच्याकडेच गेलो. उत्तर मिळालं की बीडिंग ॲक्सेसरीत मोडते, वॉरंटीत बसत नाही. काढून देऊ, पण खालचा गोंद साफ करायचे वेगळे पैसे, आणि रंगाला काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. जबाबदारी माझीच असेल तर मजुरी तरी का देऊ? घरी आलो आणि हा संत्र्याच्या सालीच्या तेलाचा स्प्रे मागवला.

आधी नोझलचं बोलतो, कारण डोक्यात तेच गेलंय. ट्रिगर दाबला की फवारा नाही, धार येते. उभ्या दारावर मारा, निम्मा माल गोंदाला न शिवता ओघळून खालच्या रबरात जातो. एवढीशी बाटली, आणि त्यातली अर्धी जमिनीला पाजायची! पुढे तर कहर झाला. यातलं मुख्य द्रव्य म्हणजे डी-लिमोनीन, आणि ते रबर फुगवतं. ट्रिगरमधला वायसर फुगला, ट्रिगर अडकायला लागला, मानेपाशी पाझर सुरू झाला. स्वतःच्याच मालात टिकेल असा वायसर घालायला यांना काय धाड भरली होती? कस्टमर केअरला लिहिलं तर म्हणे बाटली उभी ठेवा. उभीच होती!

पहिल्या दिवशी मालावरही फुली मारली होती. बाटलीवर छापल्याप्रमाणे फवारलं, पुसलं, गोंद जागचा हलला नाही. मत बदललं ते डिकीवरच्या जुन्या स्टिकरमुळे. माल वाया जातोय या रागाने कापडाची घडी भिजवून त्यावर ठेवली, वरून किचनमधली क्लिंग फिल्म लावली आणि कडा टेपने दाबल्या. पंधरा-वीस मिनिटांनी फिल्म उचलली तर उन्हाने पिवळा, कडक झालेला गोंद फुगून पांढरट झाला होता. नखाने कड उचलली आणि लांबच लांब पट्टी निघून आली. द्रव्य उडून न जाता गोंदावर टिकलं पाहिजे, एवढीच मेख आहे. तेव्हापासून ट्रिगर मी दारावर नाही, कापडावरच दाबतो.

बीडिंगच्या फोम टेपवर मात्र हा एकटा पुरत नाही. फोम जाड असतो, माल वरच्या थरातच अडकतो. तिथे आधी हेअर ड्रायरने पत्रा हाताला सोसेल इतपत गरम केला, दातांचा फ्लॉस करवतीसारखा ओढून फोम मधून कापला आणि राहिलेला थर ड्रिलवरच्या रबर व्हीलने काढला. हे चाक खोडरबरासारखं झिजतं आणि टेपचा चुरा करतं. माझ्या चाकावर 4000 आरपीएमची मर्यादा छापलीय. त्याच्या बरंच खाली चालवा आणि एका जागी थांबू नका, कारण क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, घर्षणाच्या उष्णतेने जळतो. स्प्रे सगळ्यात शेवटी, पत्रा गार झाल्यावर. लिमोनीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, तो 48 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, त्यामुळे ड्रायर किंवा हीट गन आणि हा माल एकत्र आणायचा नाही.

'थिनर मार, दोन मिनिटांत निघेल' असं सांगणारे मलाही भेटले. कंपनीच्या भट्टीत पक्का झालेला रंग थिनरचा एखादा हात सोसेलही. पण माझं मागचं दार एकदा रंगवून घेतलेलं आहे, आणि अशा रंगावर थिनर लागला की तो मऊ पडतो, कापडाला रंग येतो. स्प्रेसुद्धा मी आधी दार उघडून आतल्या कडेवर लावून पाहिला. कापड स्वच्छ राहिलं, मगच बाहेर लावला. काळ्या प्लास्टिकवर आणि हेडलाइटवर थेंबही पडू देऊ नका.

गोंद गेल्यावर तेलकट थर राहतो, तो शाम्पूने धुवावा लागतो. तिथलं वॅक्सही गेलेलं असतं, ते परत लावा. आणि बीडिंगखालच्या रंगाला ऊन लागलेलं नसल्यामुळे तिथे गडद पट्टा दिसतो. पॉलिशने माझा बराच फिका झाला, पण तिरप्या उजेडात आजही ओळखू येतो. हा दोष मालाचा नाही, उन्हाचा आहे, तेव्हा त्याचे तारे मी कापत नाही.

नोझलचे मात्र कापतो. पाचपैकी तीन. उरलेला माल धातूच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओतून, वर नाव लिहून, पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलाय. हाच माल साध्या पत्र्याच्या डब्यात विकायला लागले तर पुन्हा घेईन. या बाटलीत फुकट दिला तरी नको.