अल्झायमरचा धोका: जीन चाचणी की रक्तातली प्रथिन चाचणी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनी यातली कुठलीही चाचणी करण्याआधी विम्याचा विचार करावा.

अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जनुकाची (जीनची) चाचणी कधीही केली तरी उत्तर तेच येतं. धोका वाढलेला आहे एवढंच ती सांगते, आजार होणारच असं नाही. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणाऱ्या 2008 च्या 'जीना' कायद्यामुळे आरोग्य विमा कंपनी किंवा नोकरी देणारा हा निकाल तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन देखभालीचा विमा मात्र या कायद्याबाहेर आहेत. फ्लोरिडाने 2020 मध्ये आपल्या राज्यापुरती ही पळवाट बुजवली.

पी-टाऊ 217 ही रक्तचाचणी मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) साचत असल्याचा अंदाज देते. पण ती रक्तातलं पी-टाऊ हे प्रथिन मोजते, जनुक तपासत नाही. त्यामुळे 'जीना'चं कवच इथे मिळत नाही. आरोग्य विम्यात 2014 पासून आधीच्या आजारावरून नकार देता येत नाही, तेवढा दिलासा आहे. खरी अडचण देखभालीच्या विम्याची. अर्ज केला की कंपनी वैद्यकीय नोंदी मागवू शकते, आणि त्यात हा निकाल दिसला तर नकार द्यायला मोकळी. आंघोळ घालायला, भरवायला वर्षानुवर्षं माणूस ठेवायचा खर्च मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देत नाही, म्हणून हा अन्याय मला फार बोचतो.

लक्षणं नसतील तर आधी देखभालीचा विमा घ्या, मग चाचणी. विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर मात्र विम्यापायी रक्तचाचणी लांबवू नका. आजाराचा वेग कमी करणारे नवे उपचार लवकरच्या टप्प्यातच उपयोगी पडतात.