तळाला काच असलेला पेला

इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचे 'व्हिक्टरी' जहाज पाहून परतताना जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी 180 पौंडांना फसलो. माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी होते. कामावर लागण्यासाठी सारंगाचे, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचे, हात कसे ओले करावे लागत, हे घरात ऐकतच मी वाढलो. त्यामुळे शिडाच्या जहाजांच्या काळात आरमारांनी माणसे कशी मिळवली, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि दुकानदाराने तो दहा मिनिटांच्या गप्पांत ओळखला.

त्याने दाखवलेला पेला प्यूटरचा, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचा, जड व काळवंडलेला होता आणि त्याच्या तळाला जाड काच होती. भरती करणारे लोक गिऱ्हाइकाच्या बिअरमध्ये गुपचूप शिलिंग टाकत, ते त्याच्या हाती लागले की त्याने राजाची चाकरी पत्करली असे धरत, आणि म्हणून सावध माणसे काचेतून तळ पाहूनच पीत, असे त्याने सांगितले. पेला 1803 सालचा असल्याचे तो म्हणाला. सोबत लहानशा चौकटीत, ढालीची बाजू वर ठेवून, 'तेच' शिलिंग बसवलेले होते.

ही कथा ऐकतानाच मला शंका यायला हवी होती. आरमाराच्या प्रेस गँगला, म्हणजे सक्तीने भरती करणाऱ्या टोळीला, असल्या युक्तीची गरजच नव्हती. अधिकाऱ्याजवळ सरकारी हुकूम असे आणि 18 ते 55 वयाच्या दर्यावर्दी माणसाला तो उघडपणे पकडून नेऊ शकत असे. कित्येकांना तर घरी परतणाऱ्या व्यापारी जहाजावरूनच, किनारा दिसत असताना, उतरवून नेले जाई. पकडलेल्याने 'मी स्वखुशीने आलो' असे नोंदवले तर त्याला भरतीचे बक्षीस मिळे, त्यामुळे कागदोपत्री स्वयंसेवक दिसणारे सगळेच स्वयंसेवक नसत. माणसे आपण होऊन पुरेशी का येत नसत, याचे एक मोठे कारण पगारात होते: कसबी खलाशाचे महिन्याचे 24 शिलिंग 1653 पासून वाढलेच नव्हते, आणि 1797 मध्ये याच पोर्ट्समथसमोरच्या स्पिटहेड येथे नाविकांनी बंड केले तेव्हा कुठे ते वाढले. शिलिंग हातावर ठेवून शिपाई भरण्याची रीत मुख्यतः पायदळाची. तिथेही त्या माणसाला चार दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागे आणि घेतलेले पैसे व वर 20 शिलिंग भरून त्याला माघार घेता येई. अर्थात दारूत सगळे उडवून बसलेल्या गरिबाने ते 20 शिलिंग आणायचे कुठून, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

हे सारे मी वाचलेले होते. तरीही पेला हातात आला तेव्हा तो खरा असावा, असे मला मनापासून वाटत होते, आणि म्हणून मी एकही प्रश्न विचारला नाही.

घरी आल्यावर मऊ कापडाने पुसताना कडेजवळचा काळा थर सुटला; तो मेणासारखा होता, बहुधा मुद्दाम चोळलेला. खाली मापाची तपासणी झाल्याचा शिक्का निघाला: मुकुट आणि त्याखाली 'व्ही आर' ही अक्षरे, म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती गादीवर आली 1837 साली. मग मी चौकट उघडून नाणे उलटले. नाणे अस्सल होते, परंतु तिसऱ्या जॉर्जच्या मुखवट्याखाली साल होते 1816. नेपोलियनविरुद्धचे युद्ध त्याच्या आदल्या वर्षीच संपले होते आणि सक्तीची भरतीही त्याबरोबरच थांबली होती.

अशी वस्तू घेताना कडा, मूठ आणि तळ भिंगाखाली पाहा, चौकटीतले नाणे दोन्ही बाजूंनी दाखवायला लावा, आणि विक्रेता तोंडाने जे साल सांगतो ते पावतीवर लिहून मागा. माझ्या पावतीवर फक्त 'जुना प्यूटरचा पेला, एक' एवढेच लिहिलेले आहे. मी पत्र पाठवून पैसे परत मागितले, तेव्हा दुकानदाराने त्याच ओळीवर बोट ठेवले.