टॅपेटची टिकटिक असलेली बरी
आमच्या गल्लीतलं छोटं गॅरेज, बोर्डपण धड नाही, पण माणूस जाम हुशार. माझी १५० सीसी बाईक सकाळी स्टार्टच व्हायची नाही, पिकअप गेलेला, कारण आधीच्या मेकॅनिकने आवाज बंद करतो म्हणत टॅपेट (व्हॉल्व दाबून उघडणारे भाग, त्यांच्यात थोडा गॅप लागतो) इतके टाईट केले की एक्झॉस्ट व्हॉल्व (जळका धूर बाहेर सोडणारी झडप) नीट बसेचना आणि कडेने जळला. याने व्हॉल्व बदलला, लॅपिंग केलं म्हणजे व्हॉल्व घासून जागेवर घट्ट बसवला, टॅपेटचा गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) लावला, तोही इंजिन पूर्ण गार असताना, त्यासाठी दोन तास बसवलं राव. आता गॅपमुळे थोडी टिकटिक येते, येऊ दे म्हणाला. मी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागितला तर सरळ नाही! म्हणे ८० ते १७५ सीसीला लिमिट ७७ डेसिबल, पोलिसांनी पकडलं तर माझ्याकडे यायचं नाही. बिल जरा जास्तच, पण जळका व्हॉल्व हातात दिला.